गाडीवरून माणूस

कोडे असे घालतात : साल 1927, फ्रान्समधले नीस शहर, एक नर्तिका, तिचा लांबलचक रेशमी स्कार्फ आणि एक उघडी गाडी. गाडी कोणती? प्रश्नमंजूषांत मुरलेला स्पर्धक क्षणात ‘बुगाटी’ म्हणतो आणि गुण घालवून बसतो.

नर्तिका इसाडोरा डंकन हे बरोबरच आहे. 14 सप्टेंबरला तिचा स्कार्फ चाकात अडकला आणि ती गेली. गाडी मात्र अमिलकार होती. फ्रान्समधलीच, छोटी, बुटकी. तारांच्या आऱ्यांची चाके बसणाऱ्याच्या अगदी शेजारी. हिला ‘गरिबांची बुगाटी’ म्हणायचीही रीत आहे. मग बुगाटी कुठून आली? इसाडोराने बेन्वा फाल्चेत्तो या मेकॅनिक-चालकाचेच नाव ‘बुगाटी’ ठेवले होते म्हणतात. माणसाचे टोपणनाव पुढे गाडीला चिकटले. जगप्रसिद्ध बाईला स्वस्तातली गाडी शोभत नाही, असे ऐकणाऱ्यांनाही वाटलेच असणार.

या खेळात नेमके इथेच फसायला होते. माणसाला शोभेल अशी गाडी आपण शोधत बसतो. त्या वेळी दाराशी कोणती उभी होती, हे विचारत नाही.

दुसरे कोडे आपल्याकडचे, आणि माझ्या मते सगळ्यांत देखणे. ऑडीच्या बोधचिन्हात चार कडी आहेत. त्यांपैकी एका कड्याचा कोलकात्याच्या एल्गिन रोडशी संबंध काय? 1932 साली ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्च आणि वाँडरर या चार जर्मन कंपन्या ‘ऑटो युनियन’ म्हणून एकत्र आल्या, तीच ही कडी. इथवर गाड्यांचा शौकीन पोचतो. पुढचे धागे इतिहासवाल्याच्या हाती. जानेवारी 1941 मध्ये सुभाषबाबू एल्गिन रोडच्या घरात नजरकैदेत होते, बाहेर साध्या वेशातले पोलीस. त्यांचे थोरले बंधू शरच्चंद्र यांच्याकडे स्टुडबेकर प्रेसिडेंट होती, मोठी आणि ऐटदार. पण ती कोणाची हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून सुभाषबाबूंच्या निसटण्याच्या बेतातून ती बाद झाली. निवड झाली वाँडरर डब्ल्यू 24 ची. नंबर बीएलए 7169. 16 जानेवारीची रात्र उलटत असताना शरच्चंद्रांचा मुलगा, वैद्यकीय शिक्षण घेणारा शिशिर, स्टिअरिंगवर बसला. मागच्या आसनावर वेश पालटलेले सुभाषबाबू, म्हणजे ‘महंमद झियाउद्दीन’ नावाचे विमा एजंट. रातोरात ग्रँड ट्रंक रोडने धनबादच्या बाजूला, दिवसभर तिथे मुक्काम, मग गोमोह स्टेशन आणि कालका मेल. नेताजी आणि जर्मनी ऐकून मर्सिडीजवर उडी मारणारे मी पाहिले आहेत. जर्मन हे बरोबर. पण थाटाची गाडी त्या रात्री अडचणच ठरली असती. वाँडरर आज कोलकात्याच्या नेताजी भवनात आहे. दुरुस्त होऊन 2017 मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तिचे अनावरण झाले.

तिसऱ्या कोड्यात तर गाडीचे नाव उघडच सांगून टाकतात. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्यातल्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी फियाट, 1964 चे मॉडेल, किंमत 12,000 रुपये. माणूस ओळखा. हजारो फियाटवाल्यांतून एक कसा निवडायचा? पुढची खूण दिली की काम सोपे होते : घरात पैसे कमी पडले म्हणून पंतप्रधानांनी पंजाब नॅशनल बँकेचे 5,000 रुपयांचे कर्ज काढले. लालबहादूर शास्त्री जानेवारी 1966 मध्ये ताश्कंदला गेले ते परतलेच नाहीत. कर्ज मागे उरले होते, ते ललिता शास्त्रींनी निवृत्तिवेतनातून फेडले. तेव्हा कोणा काटेकोर परीक्षकाने 1965 साली ‘गाडी कोणाची?’ असे विचारले असते, तर ‘शास्त्रीजींची आणि थोडी बँकेची’ या उत्तरालाही त्याला पूर्ण गुण द्यावे लागले असते.