टाकी उतरवायचा दिवस

सकाळी ६.३०
मे महिन्यात वाशिमला पेट्रोलचं काम ऊन चढायच्या आत उरकावं लागतं. पुसद नाक्याकडच्या आमच्या गॅरेजात काल संध्याकाळी मंगरुळपीर तालुक्यातली एक जुनी पेट्रोल जीप टोचन करून आणली. महिंद्राची सीजे-३बी, आजोबांनी घेतलेली. नातू सांगत होता, ‘भाऊ, दोन किलोमीटर गेली का बंद पडते. कार्बोरेटर कितीदा साफ केला.’ मी फ्युएल पंपाखालची काचेची वाटी काढून त्याच्या हातात दिली. तळाशी विटकरी गाळ होता. गंज टाकीतून येत असेल तर कार्बोरेटर रोज धुतला तरी रोजच भरणार.

आधी बॅटरीची तार काढली. मग टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये उतरवलं. त्याला रंगाच्या दुकानासारखा वास होता आणि खाली पाण्याचे मणी लोळत होते.

सकाळी ८
या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. सीट काढली, पट्ट्यांचे बोल्ट सोडले, पेट्रोलच्या काट्याचा फ्लोट बाहेर घेतला. बोल्ट आधी फिरेनात म्हणून तेल सोडून थांबलो होतो. इथे घाई केली की टाकीचा कान तुटतो आणि दिवस वाया जातो.

टॉर्च लावून आत पाहिलं. वरच्या अर्ध्या भागात गंजाचे पापुद्रे, तळाला डिंकासारखा थर. गंज वरच जास्त का? जीप वर्षानुवर्षं अर्ध्या टाकीवर उभी होती. वरच्या मोकळ्या जागेत हवा राहते, पावसाळ्यात ती दमट असते, रात्री पत्रा गार पडला की आतून घाम सुटतो. पेट्रोलखालचा पत्रा त्या मानाने वाचतो. फक्त अगदी तळाला, जिथे पाणी साचतं, तिथे बारीक भोकं पडतात.

‘भाऊ, नवीनच टाकू ना टाकी?’ नातवानं विचारलं.

‘काऊन रे? पत्रा वाजवून पाय. अजून जाड हाय.’

माझं मत ठाम आहे. पत्रा दाबून आत जात नसेल, तर मूळ टाकी फेकायची नाही. महिंद्रानं विलीज जीप जोडायला १९४७ साली सुरुवात केली. तेव्हापासूनच्या गाड्यांचे मूळ भाग आता भंगारात चालले आहेत. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर दिला. त्या नियमात टाकीचं नाव नाही, पण आजोबांची गाडी राखायची तर टाकीही त्यांचीच राहावी.

सकाळी १०
गरम पाणी आणि धुण्याची पावडर. तेलकट थर निघाल्याशिवाय पुढचं औषध गंजापर्यंत पोचत नाही. मग बारीक साखळी आत सोडून दोघांनी टाकी सगळ्या बाजूंनी हलवली. काही जण नट टाकतात. ते कोपऱ्यात अडकून बसतात, साखळीचं टोक मात्र हातात राहतं.

यानंतर किराणा दुकानातलं लिंबूसत्व. लिटरभर कढत पाण्याला पन्नास-साठ ग्रॅम, टाकी तोंडापर्यंत भरायची. झाकण घट्ट लावायचं नाही, कारण आत वायू सुटतो. बॅटरीचं किंवा संडास धुण्याचं अ‍ॅसिड ओतणारे आहेत. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं. लिंबूसत्व सावकाश काम करतं आणि आमचं ऊन पाणी लवकर गार होऊ देत नाही.

दुपारी १
जेवण उरकून पाइपलाइन. पंपापासून सोडवूनच हवा मारायची, नाहीतर पंपाचा पडदा फाटतो. पडदा तसाही बदलला. २०२३ पासून पेट्रोल पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात, म्हणजे नेमकं गंजाच्या जागी. जुन्या गाडीवाल्यांना हे कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं.

दुपारी ४
द्रावण काढलं, काळपट हिरवं. ते नाल्यात सोडायचं नाही. जुन्या टाक्यांना आतून शिशाचा मुलामा असे, म्हणून ते पाणी वेगळ्या ड्रममध्ये. आत राखाडी, स्वच्छ पत्रा दिसला. खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतलं, साध्या पाण्यानं धुतलं, आणि इथून पुढे एक मिनिट दवडायचा नाही. ओला, उघडा पत्रा बघता बघता पुन्हा तांबूस होतो. कॉम्प्रेसरची हवा, वरून ऊन, आणि कोरडा झाला की लगेच थोडं टू-टी ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवलं.

साबणाचं पाणी लावून हलकी हवा दिली. तळाला एक भोक निघालं. गॅरेजातला पोरगा गॅस वेल्डिंगचं नळकांडं ओढायला निघाला तसा मी त्याचा हात धरला. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातकी. पेट्रोल संपलं तरी वाफ उरते आणि वाफच फुटते. हे काम रेडिएटरवाल्याचं. तो टाकी पाण्यानं भरतो, फक्त दुरुस्तीची जागा पाण्याबाहेर ठेवतो, आणि उघड्या ज्योतीशिवाय, तापवलेल्या सोल्डरिंगच्या खड्यानं झाळ देतो.

आतून रसायनाचा लेप मी देत नाही. खाली गंजाचा कण राहिला तर लेप सोलून निघतो, आणि मग त्याचे तुकडे नळीत जातात.

संध्याकाळी ६.३०
झाळून आणलेली टाकी बसवली, पंपाच्या आधी फिल्टर घातला, काट्याची अर्थिंगची तार घासून जोडली. जीप चालू झाली आणि अकोला रोडनं जाऊन आली, कुठे अडखळली नाही. नातवाला सांगितलं, हा फिल्टर महिनाभरात बदल. राहिलेली धूळ त्यातच येईल.

तुमच्याकडेही अशी गाडी असेल तर मृगाच्या आत एवढं करा: चालवणार असाल तर टाकी गळ्यापर्यंत भरलेली ठेवा. चार महिने उभी ठेवणार असाल तर पूर्ण रिकामी करा, वाळवा, आत तेल फिरवा. अर्धी टाकी ठेवू नका.