कपिकच्छूतील लेव्होडोपा : उपयोग, मात्रा आणि सावधगिरी

कपिकच्छू, आत्मगुप्ता, मर्कटी, खाजकुइली ही एकाच वेलीची नावे आपणास सुपरिचित आहेत. वृष्य, बल्य आणि वातशामक द्रव्य म्हणून तिचे बीज वैद्यांच्या नित्य वापरात आहे. तथापि औषधी दुकानांतील तिचे रूप आता पालटले आहे. चूर्ण किंवा वानरी गुटी मागणाऱ्या ग्राहकाबरोबरच "एल-डोपाची कॅप्सूल द्या" असे सांगणारा ग्राहकही येऊ लागला आहे. व्यायामशाळेतील तरुण, अपत्यप्राप्तीसाठी उपचार घेणारा पुरुष आणि हातास कंप सुटलेला वृद्ध या तिघांनाही तीच डबी दिली जाते. पहिल्या दोघांचे सहसा निभावते. तिसऱ्याच्या बाबतीत मात्र थांबून विचार करणे अगत्याचे आहे.

लेव्होडोपा हे अमिनो आम्ल आहे. शरीरातील प्रथिनांच्या घडणीत त्याचा वाटा नसतो. टायरोसिनपासून ते तयार होते आणि पुढे त्याचे डोपामिन बनते. १९१३ साली गुगेनहाइम यांनी बाकल्याच्या शेंगांतून ते वेगळे केले. कपिकच्छूच्या बीजातून ते वेगळे करण्याचे श्रेय मद्रास येथील दामोदरन् व रामस्वामी यांचे. त्यांचा निबंध १९३७ सालचा आहे. कंपवातात मेंदूमध्ये डोपामिनची उणीव असते, हे पाश्चात्त्य वैद्यकास उमगले ते त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने, आणि १९६१ साली बिर्कमायर व हॉर्निकीविच यांनी रुग्णांना लेव्होडोपा देऊन पाहिले. आपल्या देशात बीजातील घटक हाती आला होता, पण त्याची रोगाशी सांगड घालण्यास इतका काळ जावा लागला, ही चुटपुट लावणारी गोष्ट आहे.

उपयोगाचा पुरावा अल्प असला तरी दुर्लक्षणीय नाही. लंडन येथे आठ रुग्णांवर झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० ग्रॅम बीजचूर्णाचा परिणाम सुमारे ३५ मिनिटांत दिसू लागला. नेहमीच्या गोळ्यांना सुमारे ६९ मिनिटे लागली. परिणामही अधिक काळ टिकला. लखनौ येथील २००९ सालच्या अभ्यासात वंध्यत्व असलेल्या पुरुषांना रोज ५ ग्रॅम चूर्ण तीन महिने दिले असता शुक्रपरीक्षणात सुधारणा आढळली. परंतु तेथे तुलना निरोगी पुरुषांशी होती, निष्क्रिय औषध घेणाऱ्या गटाशी नव्हती. म्हणून या निष्कर्षाच्या आधारे जाहिरातीतील दावे करणे मला उचित वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. कच्च्या बीजात लेव्होडोपा साधारणतः ४ ते ६ टक्के असते. म्हणजे ५ ग्रॅम चूर्णात किमान २०० मिलिग्रॅम. हे चूर्ण एकटे घेतल्यास त्यातील बराच अंश मेंदूत पोहोचण्यापूर्वीच आतडे, यकृत इत्यादी ठिकाणी डोपामिनमध्ये रूपांतरित होतो. मळमळ होते, परंतु कंपावर परिणाम बेताचाच राहतो. हे बाहेरचे रूपांतर रोखण्यासाठीच ॲलोपॅथीच्या गोळीत कार्बिडोपा घातलेले असते. एका सर्वसामान्य गोळीत लेव्होडोपा १०० मिलिग्रॅम असते. अशी गोळी चालू असलेल्या रुग्णाने आपले चूर्ण घेतले, तर गोळीतील कार्बिडोपा चूर्णातील लेव्होडोपाचेही रक्षण करते. निरुपद्रवी वाटलेले ते चमचाभर चूर्ण दोन जादा गोळ्यांइतके ठरू शकते. अनैच्छिक अंगविक्षेप, उठताच चक्कर, रात्री माणसे दिसल्याचा भास अशी लक्षणे मग उद्भवतात आणि घरची मंडळी ती रोगाची वाढ समजतात. अशा रुग्णास कपिकच्छू द्यावयाचे असल्यास त्याच्या मज्जाविकारतज्ज्ञाशी बोलूनच मात्रा ठरवावी. चूर्ण सुरू केले म्हणून गोळ्या एकाएकी बंद करणे तर त्याहून घातक. तीव्र ज्वर, स्नायूंचा ताठरपणा आणि बेशुद्धी असा प्राणघातक उपद्रव त्यातून होऊ शकतो.

अनुपानाचाही विचार करावा. दुधातील प्रथिनांची अमिनो आम्ले शोषणाच्या वेळी लेव्होडोपाशी स्पर्धा करतात. वृष्य प्रयोगात दूध योग्यच आहे. कंपवातात मात्र औषध आणि प्रथिनयुक्त आहार यांत अंतर असावे. लोहाचे क्षार लेव्होडोपाशी बांधले जाऊन त्याचे शोषण घटवितात. लोहकल्पांच्या बाबतीतही तेच अंतर राखणे मी पसंत करतो.

शोधनाचे महत्त्व सांगणारी एक घटना नोंदविण्याजोगी आहे. मोझांबिकमधील नामपुला प्रांतात १९८९ साली दुष्काळ व यादवी युद्धाच्या काळात लोकांनी हे बीज अन्न म्हणून खाल्ले. एरवी ते अनेकदा उकळून पाणी टाकून देण्याची तेथे रीत होती, पण पाण्याचीच टंचाई होती. शेकडो लोकांना उन्मादसदृश विकार जडला. दुधात स्वेदन करून साल काढण्याचा आपला विधी केवळ उपचार नव्हे, हे यावरून ध्यानी यावे. अर्थात शोधनाने लेव्होडोपाही घटते, त्यामुळे शोधित आणि अशोधित चूर्ण एकाच मात्रेत मोजता येत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी याहून मोठा घोटाळा अर्काचा आहे. ४० टक्के लेव्होडोपा असलेल्या अर्काच्या ५०० मिलिग्रॅम कॅप्सूलमध्ये २०० मिलिग्रॅम लेव्होडोपा असते. तेवढ्याच वजनाच्या साध्या चूर्णात फार तर ३०. चूर्ण संपले म्हणून अर्क देणे हा बदल नसून मात्रा कित्येक पटींनी वाढविणे होय. अमेरिकेतील पूरकांच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत एका मात्रेत २ पासून २४१ मिलिग्रॅमपर्यंत लेव्होडोपा आढळले. ज्या डबीवर टक्केवारी छापलेली नाही, ती कंपवाताच्या रुग्णास देऊ नये.

मनोविकाराचा पूर्वेतिहास, काचबिंदूचा अरुंद कोनाचा प्रकार, गर्भावस्था व स्तन्यकाल यांत हे द्रव्य टाळावे. लेव्होडोपाने प्रोलॅक्टिन घटते, त्यामुळे स्तन्यावर परिणाम संभवतो. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन आणि वांतीवर सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड ही औषधे डोपामिनच्या विरुद्ध कार्य करतात. कपिकच्छूने मळमळ झाली म्हणून मेटोक्लोप्रामाइड दिले जाते, असे घडते. अशा वेळी मात्रा कमी करावी किंवा आर्द्रक द्यावे. क्षयाच्या रुग्णांना दिले जाणारे लिनेझोलिड चालू असल्यास रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. तो उपचार पूर्ण होईपर्यंत कपिकच्छू देऊ नये.