सारांशावर भागत नाही

वैद्यकीय संशोधनाचे सारांश 1997 पासून पबमेड या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. पूर्ण लेखासाठी मात्र बरेचदा पैसे मोजावे लागतात, आणि गरीब देशांतल्या डॉक्टरांचे घोडे इथेच अडते.

त्याची झळ थेट रुग्णांना बसते. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील एका डॉक्टरांचे उदाहरण 2006 मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकाने छापले. आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण रोखण्याचे काम ते करत. त्यांचा सारा आधार इंटरनेटवरच्या सारांशांवर होता. असा एकच सारांश वाचून चालू असलेला गुणकारी उपचार बदलला गेला आणि त्याहून कमी परिणामकारक उपचार सुरू झाला. मूळ अभ्यासातला पाठपुरावा थोड्याच काळाचा होता, माहिती अपुरी होती. पूर्ण लेख हाती असता, तर हे त्यांच्या लक्षात आले असते.

माहितीची ही चणचण भागवण्यासाठी पूर्वी जागतिक आरोग्य संघटना आफ्रिकेतल्या जिल्हा आरोग्य केंद्रांना निळ्या रंगाची पत्र्याची पेटी पाठवत असे. तिच्यात शंभराहून अधिक पुस्तके असत. जानेवारी 2002 मध्ये याच संघटनेने सहा बड्या प्रकाशकांना बरोबर घेऊन ‘हिनारी’ योजना सुरू केली. दरडोई उत्पन्न 1000 डॉलरपेक्षा कमी असलेल्या देशांतील वैद्यकीय महाविद्यालयांना आणि सरकारी रुग्णालयांना सुमारे 1500 नियतकालिके मोफत खुली झाली. योजना मोलाची खरी, पण पासवर्ड संस्थेच्या नावाने मिळतो. तो ग्रंथपालाच्या टेबलापाशीच राहिला, तर रात्रपाळीच्या डॉक्टरला त्याचा काय उपयोग? शिवाय ही सवलत प्रकाशकांच्या मर्जीवर चालते. 2011 च्या सुरुवातीला काही प्रकाशकांनी बांगलादेशची सवलत अचानक काढून घेतली. जगभरातून टीका झाल्यावर ती पुन्हा मिळाली.

भारत ‘हिनारी’त नाही; इथे वाटा वेगळ्या निघाल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ इंटरनेटवर सर्वांना खुले झाले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2007 मध्ये उपचारांच्या पुराव्यांचे आढावे देणाऱ्या कॉक्रेन लायब्ररीची वर्गणी साऱ्या देशासाठी भरली, तेव्हा गावातल्या दवाखान्यातूनही ती वाचता येऊ लागली. जानेवारी 2025 मध्ये सुरू झालेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत सुमारे 13,000 नियतकालिके आहेत. पण तिचे लाभार्थी सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी त्या यादीत येत नाही.