बरणीतली शेवटची चिठ्ठी

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली की मावळातले गावकारभारी वडगावची वाट धरतात. लोणावळ्याच्या आसपासच्या गावांसाठीही तालुक्याचं ठिकाण तेच. गावांच्या नावांच्या, सारख्या घडीच्या चिठ्ठ्या बरणीत टाकतात आणि लहान मुलाच्या हाताने एकेक काढतात. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना 50 टक्के आरक्षण आहे. त्यामुळे कोणत्या गावाची चिठ्ठी निघते, यावर अनेकांची तयारी फळाला येते किंवा वाया जाते.

निघालेली चिठ्ठी बरणीत परत टाकत नाहीत. सगळं गणित त्यातच आहे. नाणेफेकीत आधीच्या फेकीचा पुढच्या फेकीशी काही संबंध नसतो. सोडतीत मात्र प्रत्येक चिठ्ठी उरलेल्यांचा हिशेब बदलून जाते.

समजा, चक्रानुक्रमाने बाजूला काढलेली गावं वगळून बरणीत 10 चिठ्ठ्या आहेत आणि त्यांतली 5 गावं महिलांसाठी राखीव करायची आहेत. त्यांत कार्ला आहे, कुरवंडेही आहे. पहिलीच चिठ्ठी कार्ल्याची निघण्याची शक्यता 1/10. नाही निघाली, तर दुसऱ्या खेपेला 9 चिठ्ठ्यांत 1, मग 8 चिठ्ठ्यांत 1. आकडे असे चढताना पाहून वाटतं, उशिरा निघणाऱ्या चिठ्ठीचं पारडं जड आहे.

तसं नाही. दुसऱ्या खेपेपर्यंत पोचायचं, तर पहिल्या खेपेला कार्ला बरणीतच राहायला हवं, आणि त्याची शक्यता 9/10. म्हणून दुसरी चिठ्ठी कार्ल्याची असण्याची शक्यता 9/10 × 1/9, म्हणजे पुन्हा 1/10. तिसरीची 9/10 × 8/9 × 1/8. वरचे-खालचे आकडे कापले जातात आणि उरतो तोच 1/10. पाच खेपा मिळून 5/10. म्हणजे सोडत सुरू होण्याआधी पहिली काय आणि पाचवी काय, प्रत्येक चिठ्ठी सारखीच. मात्र चार चिठ्ठ्या निघून गेल्या आणि कार्ल्याचं नाव आलं नाही, तर त्या क्षणी पाचव्या चिठ्ठीची शक्यता 1/6 असते. दोन्ही उत्तरं बरोबरच आहेत. प्रश्न कधी विचारला, एवढाच फरक.

कार्ला आणि कुरवंडे, दोन्ही राखीव होतील का? पटकन तोंडात येतं ते निम्म्याचं निम्मं, 25 टक्के. पण कार्ल्याने एक जागा घेतली की कुरवंड्यासाठी 9 चिठ्ठ्यांत 4 जागा उरतात. म्हणून 5/10 × 4/9 = 2/9, सुमारे 22 टक्के. हीच सोडत 100 गावांची आणि 50 जागांची असती, तर उत्तर 24.75 टक्के आलं असतं. बरणी जितकी मोठी, तितका एका चिठ्ठीच्या जाण्याने पडणारा फरक कमी.

हा सगळा हिशेब एका अटीवर उभा आहे: चिठ्ठ्या नीट मिसळलेल्या हव्यात. ही अट किरकोळ समजण्याची चूक अमेरिकेने केली. व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांना बोलावण्याचा क्रम ठरवायला तिथे 1 डिसेंबर 1969 रोजी 366 जन्मतारखांची सोडत काढली. तारखांच्या कॅप्सूल महिन्यांच्या क्रमाने पेटीत भरल्या होत्या आणि त्या पुरेशा ढवळल्या गेल्या नाहीत. पुढे 195व्या क्रमांकापर्यंतच्या तरुणांना बोलावणं आलं. त्यात डिसेंबरच्या 31 पैकी 26 तारखा होत्या. समान वाटप असतं, तर साधारण 17 आल्या असत्या. पुढच्या सोडतीत, 1970 साली, तारखा एका पिंपात आणि क्रमांक दुसऱ्या पिंपात ठेवले गेले.