‘टेक’ म्हणजे घेणे, एवढंच?

थायलंडमध्ये प्राथमिक शाळेला ‘प्रथोम’ आणि माध्यमिक शाळेला ‘मत्थयोम’ म्हणतात. त्यामागचे प्रथम आणि मध्यम मराठी वाचकाला वेगळे सांगायला नकोत. क्रियापदाला त्यांच्या व्याकरणात ‘खम करिया’ असा शब्द आहे, तीही आपल्या ओळखीची क्रियाच. 1996 पासून तिथे इंग्रजी पहिलीपासून सक्तीचं झालं. म्हणजे सहा वर्षं प्रथोम आणि सहा वर्षं मत्थयोम करून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या कानावरून ‘टेक’ हे क्रियापद असंख्य वेळा गेलेलं असतं. तरी तो इंग्रजीत बोलायला लागला की औषध ‘खातो’, टॅक्सी ‘बसतो’, प्रवासाला दोन तास ‘वापरतो’. ‘टेक’ हवं तिथे येत नाही आणि नको तिथे डोकावतं. यावरून बऱ्याच समजुती रुळल्या आहेत. काही शिक्षकांच्या आहेत, काही खुद्द विद्यार्थ्यांच्या, तर काही बँकॉकला चार दिवस राहून आलेल्या आपल्याकडच्या मंडळींच्याही. त्यातल्या बहुतेक नीट तपासल्या की टिकत नाहीत.

(पुढे थाई शब्द देवनागरीत दिले आहेत ते ढोबळ उच्चार समजावेत. थाईत पाच सूर आहेत आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. आपल्या लिपीत ते दाखवायची सोय नाही.)

गैरसमज : ‘टेक’ म्हणजे थाईतलं ‘आओ’

वर्गात बहुतेक वेळा हीच जोडी शिकवली जाते, आणि ती चूक आहे असंही नाही. ‘आओ’ म्हणजे हात पुढे करून घेणे. फळवाल्यासमोर उभं राहून आंब्याकडे बोट दाखवत ‘आओ अन नी’ म्हटलं की ‘हा घेतो’. इंग्रजीत इथे ‘टेक’ चालतं, मराठीत ‘घेणे’ चालतं, तिन्ही भाषांचं एकमत. पण हे एकमत फळांच्या गाडीपलीकडे फारसं जात नाही.

औषधाच्या पाकिटावरचं लेबल घ्या. इंग्रजी सूचना सांगते, जेवणानंतर एक गोळी ‘टेक’ करा. आपणही गोळी घेतोच. थाई लेबलावर मात्र असतं ‘रप्प्रथान’ आणि शेवटी ‘लांग आहान’. ‘लांग’ म्हणजे नंतर आणि ‘आहान’ म्हणजे आपला आहार. ‘रप्प्रथान’मध्ये ‘रप’ म्हणजे स्वीकारणे आणि ‘प्रथान’ म्हणजे आपलं प्रदान, वरून मिळालेली देणगी. दोन्ही मिळून अर्थ होतो ‘खाणे’, तोही अगदी औपचारिक, छापील भाषेतला. घरी बोलताना सगळे सरळ ‘किन या’ म्हणतात. किन म्हणजे खा, या म्हणजे औषध. असं लेबल लहानपणापासून वाचलेल्या मुलाला इंग्रजीत औषध ‘खाल्लं’ म्हणावंसं वाटलं तर त्यात नवल काय? ‘घेतलं’ म्हटलं तर औषध हातात घेतलं की पोटात गेलं, हेच त्याच्या भाषेत कळणार नाही.

माणसाला ‘नेणं’ हे दुसरं ठिकाण. आई मुलाला शाळेत ‘टेक’ करते आणि छत्रीही ‘टेक’ करते, इंग्रजीला दोन्ही सारखंच. थाईत छत्री ‘आओ’ करून न्यायची, पण मुलाला ‘फा’ करायचं, म्हणजे सोबत घेऊन जायचं. आणि नेणं की आणणं हे सांगायला पुढे ‘पाय’ (जा) किंवा ‘मा’ (ये) लागतं. त्यामुळे ‘ब्रिंग’ आणि ‘टेक’ यांतला दिशेचा फरक थाई विद्यार्थ्याला कळत नाही असं जे म्हणतात, ते मला पटत नाही. दिशा तर त्याची भाषा आधीच काटेकोर सांगते. त्याला नवं असतं ते हे, की मूल आणि छत्री एकाच क्रियापदाने उचलायची.

फोटोला थाईत ‘रूप’ म्हणतात, आणि फोटो काढण्याला ‘थाय रूप’. ‘थाय’चा मूळ अर्थ एकीकडून दुसरीकडे पोचवणं, उतरवणं. रक्त चढवायलाही हेच क्रियापद, कागदाची झेरॉक्स काढायलाही हेच. समोरचं रूप कागदावर उतरवलं जातं, अशी ती कल्पना. ताप ‘मोजतात’, ‘घेत’ नाहीत. टॅक्सीत नुसतं ‘बसतात’. आंघोळ, विश्रांती, परीक्षा या प्रत्येकाला तर थाईत स्वतःचं क्रियापद आहे : आप नाम, फाक, सोप. यातल्या एकातही ‘घेणे’ नाही.

इथे इंग्रजीची खोड समजून घ्यायला हवी. 1980 च्या दशकात बर्मिंगहम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली प्रचंड मजकूर संगणकात भरून कोबिल्ड हा कोश तयार झाला. तो 1987 मध्ये आला. त्या कामातून ठळकपणे पुढे आलं, की ‘टेक’सारखी क्रियापदं हाताने घेण्याच्या अर्थाने वाटतात तितकी येत नाहीत. फार मोठ्या संख्येने ती जवळजवळ पोकळ असतात. ‘टेक अ लुक’, ‘टेक अ बाथ’, ‘टेक अ रेस्ट’ यांत अर्थाचा सगळा भार पुढच्या नामावर असतो आणि क्रियापद नुसतं वाक्य चालतं ठेवतं. थाईत हा भार क्रियापदच वाहतं. म्हणून विद्यार्थी ‘टेक’चा अर्थ शोधत बसतो, आणि तिथे शोधण्यासारखं काही नसतं.

गैरसमज : इंग्रजी शब्दाला वीस अर्थ, थाई शब्दाला एकच

ही समजूत थाई विद्यार्थ्यांचीच असते, आणि गंमत म्हणजे तिचं खंडन ते रोज तोंडाने करत असतात.

‘किन’ घ्या. भात किन, औषध किन, बोलीभाषेत पाणीसुद्धा किन. जुनी गाडी पेट्रोल किन करते, हे तर मराठी माणसाला अगदी घरचं वाटेल. लाच किन करतात, आपल्याकडेही पैसे खातातच. लांबलेलं काम वेळ किन करतं. वेळेला ते ‘वेला’ म्हणतात, म्हणून ‘किन वेला’. शेवटच्या दोन्ही ठिकाणी इंग्रजी ‘टेक’ वापरतं. इतिहासात तर ‘किन मुआंग’ नावाची व्यवस्थाच होती. मुआंग म्हणजे शहर, प्रांत. प्रांताधिकाऱ्याला राजधानीतून पगार नसे, त्याने प्रांताच्या उत्पन्नावर आपलं भागवायचं, म्हणजे प्रांत ‘खायचा’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चुलालोंगकोर्न राजाच्या कारकिर्दीत राजपुत्र दाम्रोंग यांनी प्रशासनाची नवी घडी बसवली आणि पगारी नोकरशाही आणली, तेव्हा ही पद्धत मागे पडली.

‘दाय’ हा त्याहून अवघड शब्द, थाई शिकणाऱ्या परक्यांना रडवणारा. नामाआधी आला तर ‘मिळणे’. क्रियापदानंतर आला तर ‘शकणे’. क्रियापदाआधी आला तर ‘करायला मिळालं’ किंवा नुसती झालेल्या गोष्टीची खूण. मूल आईच्या वळणावर गेलं असेल तर त्याचा चेहरा ‘दाय आई’, म्हणजे आईचा मिळालेला. इंग्रजीत तिथे ‘टेक आफ्टर’. मराठीत मुलगा बापावर ‘जातो’. तीन भाषा, तीन क्रियापदं, आणि एकाही ठिकाणी तर्काने उत्तर सापडत नाही.

तेव्हा एका शब्दाला खूप अर्थ असतात हे थाई मुलाला शिकवायची गरज नाही. ते त्याला दाखवून द्यायची गरज आहे, आणि ते पाठ्यपुस्तकापेक्षा ‘किन’ने लवकर होईल.

गैरसमज : ‘ऑफ’, ‘आउट’, ‘बॅक’ हे शेपूट थाई डोक्यात बसणारच नाही

उलट आहे. दोन क्रियापदं एकापुढे एक ठेवून दिशा सांगणं हा थाईचा मूळ स्वभाव. ‘आओ’पुढे ‘ओक’ (बाहेर पडणे) ठेवलं की बाहेर काढणे, ‘लोंग’ (उतरणे) ठेवलं की खाली घेणे, ‘खुन’ (परतणे) ठेवलं की परत घेणे. ‘टेक आउट’, ‘टेक डाउन’, ‘टेक बॅक’ यांचा हा जवळपास नकाशाच आहे. इतकंच काय, ‘आओ खुन’चा अर्थ सूड उगवणे असाही होतो. म्हणजे शब्दशः अर्थ सोडून भलतीकडे जायची सवयही थाईला आहेच.

खरी अडचण एकाच जोडीचे दोन संसार असतात तिथे येते. देवळाच्या पायरीवर पाटी असते, पादत्राणं काढा. थाईत ‘थोत’, इंग्रजीत ‘टेक ऑफ’. तिथून सुवर्णभूमी विमानतळावर जा (होय, नाव हेच, 2006 साली सुरू झाला), तिथे विमानही ‘टेक ऑफ’ करतं. थाईत ते फक्त ‘वर जातं’. चप्पल आणि विमान यांना एका वाक्प्रयोगात का बसवलं, हे विद्यार्थ्याने विचारलं तर शिक्षकाने सरळ सांगावं की इंग्रजांना असंच म्हणायची सवय आहे. ओढूनताणून तर्क लावला की तो पुढच्याच उदाहरणात फसतो. ‘टेक प्लेस’ हे असंच. त्यात कुणी कुणाची जागा घेत नाही, काहीतरी ‘घडतं’ एवढंच. पण तुकडे करून वाचणारा विद्यार्थी जागा शोधत राहतो.

भूतकाळाबद्दलही एक घाईचा निष्कर्ष काढला जातो. थाई क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही, म्हणून थाई माणसाला काळाचं भान नाही, असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्यावं. झालेलं सांगायला ‘लेओ’ आहे, चालू असलेलं सांगायला ‘कामलांग’, होणारं सांगायला ‘च’. ‘टूक’ आणि ‘टेकन’ विसरले जातात हे खरं, पण तो रूपांचा प्रश्न. अर्थाच्या प्रश्नात तो मिसळला की दोन्ही सुटत नाहीत.

गैरसमज : कोशातली अर्थांची यादी पाठ केली की झालं

थायलंडमधल्या सर्वांत प्रसिद्ध इंग्रजी-थाई कोशांपैकी एक तुरुंगात लिहिला गेला. सो सेथपुत्र हे 1933 च्या बोवोरादेत बंडानंतर राजकीय कैदी म्हणून बांगख्वांग तुरुंगात होते. तिथे त्यांनी कोशाचं काम हाती घेतलं. लिहून झालेला मजकूर बाहेर पोचवला जाई, आणि ते तुरुंगात असतानाच 1937 मध्ये कोश छापून आला. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी तो वापरला. अशा कोशाबद्दल आदर असावाच. पण कोश अडलेला शब्द सोडवायला असतो, ओळीने घोकायला नसतो.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या सुधारित आवृत्तीत ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ नोंदले गेले. संपादक पीटर गिलिव्हर यांना या एका नोंदीला नऊ महिने लागले. हे ‘लागले’सुद्धा इंग्रजीत ‘टेक’च आहे, आणि थाईत ‘छाय वेला’, वेळ वापरणे. असे शेकडो अर्थ कुणी इंग्रज पाठ करत नाही. त्याला माहीत असतात त्या जोड्या : नोट्सबरोबर ‘टेक’, चुकीबरोबर ‘मेक’, गृहपाठाबरोबर ‘डू’. थाई मुलानेही ‘टेक’च्या नोंदीखाली वीस अर्थ लिहिण्याऐवजी ‘औषध’, ‘फोटो’, ‘परीक्षा’, ‘टॅक्सी’ या नावांखाली एकेक ‘टेक’ लिहावं. वही तीच, फक्त उलट बाजूने भरायची.

परीक्षेवरून आठवलं. यात आपण मराठी लोकही मागे नाही. आपल्याकडे मुलगा परीक्षा देतो आणि शिक्षक घेतो, इंग्रजीत नेमकं उलट. म्हणून परीक्षा ‘गिव्ह’ करणारे आपल्याकडे गल्लोगल्ली भेटतात. थाई विद्यार्थी ही चूक सहसा करत नाही, कारण त्याच्या ‘सोप’मध्ये देणंही नाही आणि घेणंही नाही. युरोपीय विद्यार्थ्यांचीही सुटका नाही. बेंग्ट आल्टेनबर्ग आणि सिल्व्हियान ग्रेंजर यांनी 2001 मध्ये स्वीडिश आणि फ्रेंच विद्यार्थ्यांचं इंग्रजी लेखन तपासलं. क्रियापद होतं ‘मेक’. चांगलं इंग्रजी येणारेही या साध्या शब्दाला अडखळत होते. स्वीडिश तर इंग्रजीची जवळची नातलग भाषा. तेव्हा चुकांचं खापर केवळ थाईच्या वेगळेपणावर फोडणं बरोबर नाही.

आणि ‘टेक’ तरी कुठे अस्सल इंग्रजी? तो उत्तरेच्या दर्यावर्दी लोकांनी आणलेला शब्द, जुन्या नॉर्समधला ‘टाका’. त्याआधी इंग्लंडात घेण्याला ‘निमान’ म्हणत, जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘नेमेन’ अजून रोजच्या वापरात आहे. ‘टाका’ने ‘निमान’ला हुसकून लावलं, आणि आज त्याची खूण बधिर या अर्थाच्या ‘नम’ या शब्दात उरली आहे.

थाईनेही इंग्रजीकडून हा शब्द उचलला आहे, पण आपल्या अटींवर. ‘थेक खे’ म्हणजे ‘टेक केअर’. इंग्रजीत तो निरोप घेतानाचा शब्द आहे, सावधगिरीचा इशारा आहे आणि एखादं काम सांभाळण्याचा वाक्प्रयोगही आहे. थाईत तो मुख्यतः एखाद्याची मनापासून बडदास्त ठेवण्याला वापरतात. दुकानदार गिऱ्हाइकाला थेक खे करतो, मुलगा प्रेयसीला. घरी न्यायच्या जेवणाला मात्र रस्त्यावरचा खाद्यविक्रेता सहसा ‘टेक’ लावत नाही. तो विचारतो, इथे खाणार की ‘क्लाप बान’? म्हणजे घरी परत.