‘स्वामी’ : घरांतील सर्वांनीं एकत्र बसून पाहावी अशी मालिका

‘स्वामी’ ही मालिका आम्हीं दोनदां पाहिली. एकदां इ. स. १९८७ मध्यें, ती दूरदर्शनवर दाखविली जात होती तेव्हां; आणि दुसऱ्यांदां गेल्या पावसाळ्यांत, आमच्या तेरा वर्षांच्या नातीसह. पहिल्या खेपेस आम्ही तिशीच्या आंतबाहेर होतों व संस्कृतचे शिक्षक म्हणून नुकतेच कोठें रुळूं लागलों होतों. आतां सेवानिवृत्तीलाही बरींच वर्षें लोटलीं. मधल्या काळांत मालिका अर्थातच बदलली नाहीं. आमचें तिजविषयींचें मत मात्र जसेंच्या तसें राहिलें नाहीं. आणि तरीही ती घरोघर पाहिली जावी असें आम्हांस पूर्वीपेक्षां अधिकच वाटतें. या दोन विधानांत जो विरोध दिसतो, त्याचा उलगडा पुढें होईल.

ज्या कादंबरीवर ही मालिका बेतलेली आहे तिचा परिचय या मासिकाच्या वाचकांस नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ इ. स. १९६२ मध्यें प्रसिद्ध झाली व दोनच वर्षांनीं तीस साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. आमच्या कपाटांत तिच्या दोन प्रती आहेत आणि दोन्ही आमच्या लग्नांत अहेर म्हणून आलेल्या आहेत; यावरून एके काळीं तिची घरोघर केवढी चहा होती हें ध्यानांत येईल. विषय थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीचा. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपत झालें, त्याच वर्षीं जूनमध्यें नानासाहेब पेशवे पुत्रशोकानें व बंधुशोकानें खचून गेले, आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगावर पेशवाईचीं वस्त्रें आलीं. पुढें अवघीं अकरा वर्षें. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें राजयक्ष्म्यानें त्यांचा अंत झाला, तेव्हां वय सत्तावीस. पानिपतानें मराठी राज्याचें जेवढें नुकसान केलें त्याहून या तरुण पुरुषाच्या मृत्यूनें झालेलें नुकसान कमी नव्हे, असा अभिप्राय ग्रँट डफसारख्या परक्यानेंही दिला आहे.

मालिकेचें दिग्दर्शन गजानन जागीरदार यांचें. आमच्या पिढीच्या वडील मंडळींस हें नांव निराळ्याच कारणानें ठाऊक होतें. इ. स. १९४४ मध्यें प्रभातचा ‘रामशास्त्री’ हा चित्रपट निघाला, त्यांत रामशास्त्र्यांची भूमिका जागीरदारांचीच होती आणि दिग्दर्शनांतही त्यांचा वांटा होता. ज्या नटानें चाळीसाहून अधिक वर्षांपूर्वीं पेशव्यांच्या न्यायाधीशाचें काम केलें, त्यानेंच ऐंशीच्या घरांत असतां पेशव्यांचें सबंध घर पडद्यावर उभें करावें, यांत एक प्रकारची पूर्तता आहे. पुढच्याच वर्षीं, म्हणजे इ. स. १९८८ त, ते निवर्तले.

माधवरावांची भूमिका रवींद्र मंकणी यांनीं व रमाबाईंची मृणाल देव (पुढें कुलकर्णी) यांनीं केली. गो. नी. दांडेकरांची ही नात त्या वेळीं अवघी सोळा वर्षांची होती. मंकणींच्या अभिनयांतील जी गोष्ट आम्हांस विशेष वाटते ती अशी कीं, ते फारसें कांहीं करीत नाहींत. आवाज चढवीत नाहींत, डोळे वटारीत नाहींत. राग आला म्हणजे अधिकच हळू बोलतात. आजकाल ऐतिहासिक मालिका म्हटली कीं दर दोन वाक्यांस नगाऱ्याचा ठोका आणि एकाच मुद्रेचें तीन बाजूंनीं दर्शन, असा प्रकार होऊन बसला आहे. त्या संवयीच्या डोळ्यांस ही मालिका प्रथम संथ वाटेल. रणधुमाळी पाहावयाची असेल तर ती येथें शोधूं नये. येथें पाहावयाचें तें घर.

आणि घर म्हणजे काय, तर चुलत्या-पुतण्याचा वाद. हा भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. राघोबादादा शूर, मोहिमांत मुरलेले, अटकेपर्यंत जाऊन आलेले. आणि कारभार मात्र पुतण्याच्या हातीं. ‘एवढें करूनही आम्हांला काय?’ हा त्यांचा सल. अशा मनाला कान भरणारे कधीं कमी पडत नाहींत. इ. स. १७६२ च्या नोव्हेंबरांत गोष्ट इतक्या थरास गेली कीं, निजामाच्या मदतीनें चुलता पुतण्यावर चालून आला आणि आळेगांवीं पुतण्याचा पाडाव झाला. तेव्हां माधवरावांनीं पळून जाऊन दुसरें सैन्य उभें करण्याच्या भरीस न पडतां, स्वतः चुलत्याच्या गोटांत जाऊन त्यांच्या स्वाधीन होणें पत्करलें. राज्य दुभंगूं नये म्हणून सतरा वर्षांचा मुलगा मान खालीं घालतो. वर्षही झालें नाहीं तोंच, १० ऑगस्ट १७६३ रोजीं राक्षसभुवनाच्या लढाईंत दादांवर प्रसंग ओढवला आणि त्याच पुतण्यानें तो निवारून निजामाचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या दिवशीं पडला.

तरीही दादांचें मन निवळलें नाहीं. अर्ध्या राज्याची वांटणी मागेपर्यंत मजल गेली. अखेर इ. स. १७६८ मध्यें धोडपच्या किल्ल्यापाशीं त्यांचा पराभव करून पुतण्यानें त्यांस शनिवारवाड्यांत नजरकैदेंत ठेविलें. वाचकहो, ज्यांनीं आपल्या घरांतील वांटणीचीं भांडणें पाहिलीं आहेत, मधली भिंत घातली जाण्यापूर्वीं महिनोन् महिने चाललेला अबोला अनुभवला आहे, त्यांस हा इतिहास वाचून नव्हे तर ओळखून कळेल. मालिकेचें यश हें कीं, ती दादांस खलपुरुष करून मोकळी होत नाहीं. त्यांची माया खरी वाटते आणि मत्सरही खरा वाटतो. आमच्या नातीनें तिसऱ्या कीं चौथ्या भागानंतर विचारलें, ‘आजोबा, हे चांगले आहेत कीं वाईट? एकदां काय तें सांगा ना!’ आम्हीं सांगितलें नाहीं.

रामशास्त्र्यांची सुप्रसिद्ध गोष्ट येथें यावी हें ओघानेंच आलें. तरुण पेशवे जपजाप्यांत इतके गढून गेले कीं, कामासाठीं आलेल्या शास्त्र्यांस तिष्ठत बसावें लागलें. दुसऱ्या दिवशीं शास्त्रीबोवांनीं काशीस जाण्याची रजा मागितली आणि सुनावलें कीं, ब्राह्मणाचा धर्म चालवावयाचा असेल तर गादी सोडून आमच्याबरोबर गंगातीरीं चला. गादीवर बसावयाचें असेल तर रयतेचें काम हेंच तुमचें अनुष्ठान. गोष्ट परंपरेनें आलेली आहे, तिच्या प्रत्येक शब्दास कागद दाखवितां येणार नाहीं. पण ज्या पेशव्यानें वेठबिगार बंद करण्याचा प्रयत्न केला, त्याच्या चरित्राशीं ती जुळते. आमच्यासारख्या ज्यांच्या घरीं अजून संध्येची पळी-पंचपात्री आहे, त्यांनीं ती मुलांना अवश्य दाखवावी, आणि स्वतःही थोडें अंतर्मुख व्हावें.

आतां रमाबाईंकडे वळूं. कारण ज्या विरोधाचा आरंभीं उल्लेख केला तो येथेंच आहे.

इतिहासाच्या साधनांत रमाबाई फारशा बोलत नाहींत. गो. स. सरदेसाई यांनीं संपादिलेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड राजकारण, मोहिमा, कर्ज, वसुली यांविषयीं भरभरून सांगतात. परंतु त्या तरुण जोडप्याचें परस्परांशीं काय बोलणें होत असे तें कोणी लिहून ठेवलें आहे? तें देसाईंच्या प्रतिभेनें भरून काढिलें. त्यांतील हळुवारपणा, थट्टा, रुसवे हें सारें कादंबरीकाराचें देणें आहे, आणि तें सुंदर आहे. इतिहासास पक्कें ठाऊक असलेली गोष्ट मात्र एकच, ती शेवटची: थेऊरास पतीच्या चितेवर रमाबाई सती गेल्या. अष्टविनायकांपैकीं चिंतामणीच्या त्या गांवीं नदीकांठीं त्यांचें स्मारक आहे.

इ. स. १९८७ मध्यें आम्ही हा प्रसंग वर्गांत मोठ्या आवेशानें सांगत असूं. मुलींच्या डोळ्यांत पाणी येई आणि आपली वाणी सिद्ध झाली असें आम्हांस वाटे. त्या वेळीं गांवांत दूरदर्शनसंच मोजकेच. त्यांतला एक आमच्या घरीं, म्हणून मालिकेच्या वेळेस ओटीवर शेजाऱ्यांची दाटी होई. आमच्या आत्या आमच्याकडेच असत. एकोणिसाव्या वर्षीं वैधव्य आलेलें, त्यास त्या वेळीं पन्नासाहून अधिक वर्षें झालेलीं. त्या कधीं पुढें येऊन बसल्या नाहींत. माजघराच्या उंबऱ्याशीं उभ्या राहून प्रत्येक भाग पाहत. शेवटच्या भागांत थेऊर आलें, बायकांचे पदर डोळ्यांस लागले, आणि आत्या मात्र आंत निघून गेल्या. मागाहून आम्ही स्वयंपाकघरांत गेलों तों त्या भाकरी थापीत होत्या. आम्हीं कांहीं विचारण्यापूर्वींच म्हणाल्या, ‘अरे, ती गेली, तिचं नांव झालं. मागं राहिल्या त्यांचं कोण लिहितंय? — हातपाय धू, पानं घेतलीं आहेत.’

त्याच वर्षीं ४ सप्टेंबर रोजीं राजस्थानांत देवराला येथें रूपकंवर ही अठरा वर्षांची विवाहिता पतीच्या चितेवर जळाली. पुढें जो सतीप्रतिबंधक कायदा झाला, त्यांत सतीचा गौरव करणें हाही गुन्हा ठरला. वर्गांत आम्ही जें करीत होतों तें काय होतें, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मागें लागला आहे. कायद्याचें भय म्हणून नव्हे. आत्यांची ती पाठमोरी मूर्ति म्हणून.

आम्ही मॅट्रिकपलीकडे शिकलों नाहीं, पण शास्त्रीबोवांकडे संस्कृत वाचलें. तेव्हां एवढें तरी निश्चितपणें सांगूं शकतों कीं, मनूनें विधवेस सांगितलें तें संयमानें जगणें. चितेवर चढण्याची आज्ञा त्यांत नाहीं. त्याचा भाष्यकार मेधातिथि यानें अनुमरणास मान्यता दिली नाहीं. आणि बाणभट्टानें तर कादंबरींत चंद्रापीडाच्या मुखानें त्याचा कडक निषेध केला आहे: मेलेल्यास त्याचा कांहीं उपयोग नाहीं, तो अज्ञांचा मार्ग होय. पेशव्यांच्या घरांतही तो सर्वांचा नियम नव्हता. चिमाजी आप्पांच्या अन्नपूर्णाबाई सती गेल्या हें खरें. परंतु काशीबाई गेल्या नाहींत, गोपिकाबाई गेल्या नाहींत, भाऊसाहेबांच्या पार्वतीबाई पानिपतानंतरही मागें राहिल्या. माधवरावांमागून नऊ महिन्यांनीं, ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, नारायणरावांचा खून झाला. गंगाबाई गरोदर होत्या. त्या राहिल्या, आणि इ. स. १७७४ च्या एप्रिलांत पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. बारभाईंचें सारें कारस्थान या एका राहिलेल्या स्त्रीवर उभें होतें.

म्हणून आमची सूचना अशी कीं, शेवटचा भाग गाळूं नये. तो झाल्यावर लगेच उठूंही नये. गेल्या पावसाळ्यांत आमची नात तो पाहून रडली नाहीं. रागावली. ‘इतके सगळे लोक होते, कोणीच कसं अडवलं नाहीं? त्या दोघांना मूल असतं तर?’ घरांत एक घटकाभर चांगलाच वाद झाला. सूनबाईंचें म्हणणें, त्या काळच्या बाईस आपल्या मनानें करण्याजोगें तेवढेंच एक होतें; आमच्या कुटुंबाचें म्हणणें, मनानें म्हणजे कोणाच्या मनानें? आम्हीं त्या वेळीं आत्यांची गोष्ट सांगितली. ती आजवर घरांत कोणास सांगितली नव्हती.

ज्यांना या विषयाचें आणखी कांहीं पाहावयाचें असेल त्यांनीं इ. स. २०१४ चा ‘रमा माधव’ हा चित्रपटही पाहावा. तो मृणाल कुलकर्णी यांनींच दिग्दर्शित केला आहे. पूर्वींच्या रमाबाई त्यांत गोपिकाबाई झाल्या आहेत आणि पूर्वींचे माधवराव नानासाहेब. डोळ्यांना तो अधिक सुखावतो. आमची पसंती तरीही जुन्या मालिकेस आहे.

मुलांस मात्र आधीं एवढें सांगून ठेवावें, कीं लढाया, तारखा आणि वांटणीचा वाद हें इतिहासाचें. एकांतांतलें बोलणें कादंबरीकाराचें. दोहोंची गल्लत न करतां दोहोंचा आस्वाद घेतां येतो. आमच्या नातीनें अहेरांतल्या दोन प्रतींपैकीं एक आपल्या खोलींत नेली आहे. पानें पिवळीं पडून कडा झडूं लागल्या आहेत, म्हणून तिनें वर खाकी कागदाचें वेष्टण घातलें आहे. परवां चौकशी केली, तेव्हां ती आळेगांवापर्यंत आली होती.