तळाचा संघ विजेता कसा ठरला?

३ जानेवारी २०१९ च्या सकाळी नॅशनल हॉकी लीगच्या गुणतालिकेत सेंट लुईस ब्लूज हा संघ ३१ संघांमध्ये ३१व्या स्थानावर होता. त्याच वर्षी १२ जूनच्या रात्री या संघाने बोस्टनमध्ये स्टॅनले करंडक उंचावला. अमेरिकेतील मिसिसिपी नदीकाठच्या या शहराने १९६७ साली संघ स्थापन झाल्यापासून ५२ वर्षे या क्षणाची वाट पाहिली होती. चमत्कार म्हणून या यशाची बोळवण करणे सोपे आहे. परंतु मोसमाचा हिशेब मांडला तर त्यात चमत्कारापेक्षा बरेच काही सापडते.

त्यासाठी स्पर्धेची रचना ध्यानात घ्यावी लागेल. आइस हॉकीच्या या व्यावसायिक लीगमध्ये तेव्हा प्रत्येक संघ ऑक्टोबर ते एप्रिल या काळात ८२ साखळी सामने खेळत असे. विजयाला दोन गुण मिळतात. निर्धारित ६० मिनिटांत पराभव झाला तर शून्य. मात्र बरोबरीनंतर जादा वेळेत वा शूटआउटमध्ये हरणाऱ्याच्या पदरीही एक गुण पडतो. त्या मोसमात निम्म्याहून अधिक, म्हणजे १६ संघ बाद फेरीत जाणार होते आणि तेथे प्रत्येक फेरी सात सामन्यांची असते. थोडक्यात, लवकर झालेली पडझड सावरण्यास येथे पुरेसा अवधी मिळतो. जानेवारीच्या आरंभी सेंट लुईसचे ३७ सामन्यांत ३४ गुण झाले होते आणि ४५ सामने बाकी होते.

प्रशिक्षक बदलला आणि संघ जिंकू लागला, असे या मोसमाबद्दल नेहमी सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. १९ नोव्हेंबर २०१८ रोजी लॉस एंजलिस किंग्जकडून झालेल्या पराभवानंतर माइक यो यांना दूर करून क्रेग बरूबी यांच्याकडे हंगामी सूत्रे देण्यात आली. पुढच्या १८ सामन्यांत संघाने जिंकले अवघे ८. डिसेंबरमध्ये तर सरावातच झॅक सँडफर्ड आणि रॉबर्ट बोर्टुझो या संघसहकाऱ्यांची हाणामारी झाली. खेळाडू होते तेच होते, गुणवत्ताही होती. रायन ओरायलीसारखा मोहरा त्याच उन्हाळ्यात बफेलोकडून मिळवला होता. उणीव होती ती गोलजाळ्यापाशी.

या खेळात गोलरक्षकाचे मोल किती, हे आकड्यांवरून कळते. एका सामन्यात त्याच्यावर साधारण तीस फटके येतात. त्या मोसमात प्रमुख गोलरक्षक जेक अ‍ॅलनने शंभरातले साडेनव्वद फटके अडवले. जॉर्डन बिनिंग्टनने ९२.७. फरक किरकोळ वाटतो, पण तीस फटक्यांच्या हिशेबाने तीन सामन्यांमागे दोन गोल वाचतात. एकेका गोलाने निकाल फिरणाऱ्या खेळात एवढे पुष्कळ झाले.

हा बिनिंग्टन कोण? २०११ च्या निवडीत ८८व्या क्रमांकावर घेतलेला आणि मोसम सुरू झाला तेव्हा क्लबच्या गोलरक्षकांत चौथ्या क्रमांकावर असलेला, पंचविशीचा खेळाडू. ७ जानेवारी रोजी फिलाडेल्फियाविरुद्ध प्रथमच त्याला सुरुवातीपासून उतरवण्यात आले आणि संघ ३-० असा जिंकला. आदल्या संध्याकाळी त्या शहरातील एका बारमध्ये काही खेळाडूंनी ‘ग्लोरिया’ हे १९८२ सालचे गाणे ऐकले आणि ते संघाचे विजयगीत होऊन बसले. गाण्याने सामने जिंकता येत नाहीत, हे खरे. पण हसणे विसरलेल्या चमूला त्याचीही गरज असावी.

पुढे सलग ११ विजयांचा क्लबचा विक्रम झाला. जाळे सुरक्षित झाल्यावर बरूबी यांचा सरळसोट खेळही फळू लागला. नजाकतीचे पास टाळून पक, म्हणजे ती रबरी चकती, प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत ढकलायची आणि धडका देत तिचा पाठलाग करायचा, ही त्याची रीत. अखेरच्या ४५ सामन्यांत ३० विजय आणि ६५ गुण मिळाले. एकूण गुण झाले ९९.

बाद फेरीत विनिपेग, डॅलस आणि सॅन होजे हे अडथळे पार झाले. सॅन होजेविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात जादा वेळेतील निर्णायक गोलापूर्वी प्रतिस्पर्धी खेळाडूने पक हाताने ढकलला होता. पंचांच्या ते नजरेतून निसटले आणि सामना गेला. तक्रारीत वेळ न दवडता सेंट लुईसने पुढचे तिन्ही सामने जिंकले. दुसरीकडे, साखळीत ६२ विजय आणि १२८ गुण मिळवलेला टॅम्पा बे लाइटनिंग त्याच वसंतात पहिल्याच फेरीत कोलंबसकडून ०-४ असा गारद झाला होता. गुणतालिका दोन्ही टोकांना फसवी ठरली.

अंतिम फेरीत समोर बोस्टन ब्रुइन्स होता. १९७० साली बॉबी ऑरच्या त्या प्रसिद्ध गोलाने याच बोस्टनने सेंट लुईसला नमवले होते. तोवर सेंट लुईसने सलग तीन अंतिम फेऱ्या गाठून त्यातील बाराही सामने गमावले होते. यावेळी लढत सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली. पहिल्या सत्रात बोस्टनने १२ फटके मारले, पाहुण्यांनी चार. तरीही फलक दाखवत होता ०-२. ओरायलीनंतर सत्र संपायला आठ सेकंद उरले असताना कर्णधार अ‍ॅलेक्स पिएट्रांजेलोने गोल केला होता. बिनिंग्टनने रात्रभरात ३२ फटके अडवले. अखेर ४-१ असा विजय मिळाला. चौथा गोल सँडफर्डचा, डिसेंबरात सहकाऱ्याशी भिडलेल्या त्याच सँडफर्डचा. बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान ओरायलीला मिळाला.

आदल्या मोसमात बिनिंग्टनला खेळवायला सेंट लुईसकडे स्वतःचा दुय्यम संघ नव्हता. त्याला उसना देण्यात आले होते ते प्रॉव्हिडन्सला, म्हणजे बोस्टनच्याच दुय्यम संघाला.